चिठ्ठी कुणाची होती

संघमित्रा,

"चिठ्ठी तिचीच होती," मी म्हणाले, आणि तुझ्या नोकरीच्या पडताळणीसाठी आलेल्या हवालदाराने चहाचा कप खाली ठेवला.

"पण त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलंय, कॉपीची चिठ्ठी मागच्या बाकावरच्या मुलीची होती, मी त्यातून उतरवलं. म्हणजे खोटं लिहिलं?"

मी होकारार्थी मान हलवली. तू माझं नावसुद्धा लिहिलं नव्हतंस. तेच मला सहन झालं नाही.

कॉलेजात कॉपी करताना आपण दोघी सापडलो, दोघींचं वर्ष गेलं. पुढे संरक्षण खात्याच्या एकाच कार्यालयात दोघींची निवड झाली. 'परीक्षेत कधी कारवाई झाली होती का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. तुलाही म्हणाले, "येडी आहेस का गं? मुलुंडच्या कॉलेजातलं कोण बघतंय?"

तू 'होय' लिहिलंस आणि कॉलेजचं पत्र जोडलंस. माझी निवड रद्द झाली. कॉपी केली म्हणून नाही, लपवलं म्हणून. तुझी फाइल पुढे गेली. परवा मावशी आईला सांगत होती, तू ऑफिससाठी मोरपंखी साडी घेतलीस. तो रंग मला शोभतो.

जाताना हवालदार म्हणाला, "उद्या पोलीस ठाण्यात येऊन सही करा. मग त्यांची नोकरी गेलीच समजा."

हे तुला कळायला हवं. पण पत्र टाकणार नाही.

तुझी मावसबहीण,
प्रियंका

सकाळी ठाण्यात गेले. चिठ्ठी माझी होती, असं सांगितलं.

"मग काल खोटं का बोललात?"

"तिला नोकरी मिळू नये म्हणून."

हवालदाराने तेही लिहून घेतलं. मी खाली सही केली.