अवसेच्या नांग्या

साउथहॅम्प्टन,
सोमवार, १३ ऑगस्ट २००७.
सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. (पत्र सुरू करण्यापूर्वी खुर्चीवर उभा राहून छताला चिकटलेला मोहरीचा सॉस ओल्या फडक्याने पुसत होतो. सॉस निघाला, डाग आहे.)

तीर्थरूप गिरीशमामांस, भाचा विनय याचा वेंगुर्ल्याच्या दिशेने वाकून नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मामीचं ब्लड प्रेशर उतरलं का? पत्राच्या सुरुवातीला विचारायचं असतं म्हणून विचारत नाही, गुडघ्याची मला खरोखर काळजी आहे. मी मजेत आहे. हे वाक्य गेली दोन वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत आलो, पण खरं ते आज पहिल्यांदाच आहे. (शुद्धलेखनाची चूक सापडल्यास नेहमीप्रमाणे लाल पेनाने गोल करून पत्र परत पाठवावं. बारावीच्या पलीकडे गेलो नाही तरी ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही शिकवलंय, आणि त्याच जोरावर मी इथे बोटींना किराणा पुरवणाऱ्या गोदामात लेबलं लिहिण्याच्या कामाला टिकलो आहे.)

तुम्हाला ऋजुताबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं. इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, कांद्याचं पोतं उचलताना माझी पाठ धरली तेव्हा ओळख झाली, पाठ सुटली, ओळख राहिली. आता तिच्या वडिलांना मला बघायचं होतं. ते पद्माकरराव, मूळचे मालवणचे, अठ्ठावीस वर्षं कार्डिफला, हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतेच रिटायर झालेले. मुलगी डिग्रीवाली आणि मुलगा बारावीवाला, तेव्हा माझ्या बाजूने बोलण्यासारखं काय आहे याची मी वहीत यादी केली होती. यादीत दोनच कलमं झाली आणि त्यातलं एक हस्ताक्षर होतं.

जुलैच्या शेवटी त्यांचा फोन आला. पगार, शिक्षण, व्हिसा काही विचारलं नाही. म्हणाले, ‘‘तू बंदरात राहतोस ना रे? मग मला स्टोन क्रॅबच्या नांग्या खायला घाल. ऑगस्टातला कुठलाही रविवार सांग.’’ त्यांचे साडू फ्लोरिडाला असतात. नऊ वर्षांपूर्वी तिथे त्यांनी या नांग्या खाल्ल्या होत्या, त्यांची चव अजून जिभेवरून उतरली नव्हती. ऋजुताने मला समजावून सांगितलं की तिकडे म्हणे खेकड्याची एक नांगी तोडून घेतात आणि खेकडा जिवंत समुद्रात परत सोडतात, त्याला नवी नांगी फुटते. (मामा, हे ऐकून मला त्या खेकड्याबद्दल आपुलकी वाटली. त्यालाही वर्षा-दोन वर्षांनी तेच हॉटेलवाले पुन्हा भेटत असणार.)

मी आईने पाठवलेली दिनदर्शिका भिंतीवरून काढली आणि ऑगस्टचे चार रविवार तपासले. ५ तारखेला गोदामात मालाची मोजणी. १९ आणि २६ श्रावणात, आणि श्रावण पाळायचा शब्द मी आईला दिला आहे. स्वतः चाखल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, तेही होणाऱ्या सासऱ्याच्या, एवढी माझी छाती नाही. शिवाय २६ म्हणजे पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. तुम्ही मला लहानपणी बंदरावर घेऊन जायचात तेव्हाच शिकवलंत, अवसेची कुर्ली भरलेली, पुनवेची पोकळ. पुनवेला कुर्ली घेणारा माणूस कवच विकत घेतो. उरली १२. आणि १२ तारखेच्या चौकोनात काळा कुळकुळीत गोळा. आषाढ अमावास्या. गटारी.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? खेकडा म्हणत होता अवसेलाच घे. आई म्हणत होती (फोनवर, तीन वेळा) की भेटीला चांगला दिवस बघ, मामाला विचार. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही आईला सांगितलं असतं. मी पद्माकररावांना ‘बारा तारीख’ एवढंच कळवलं, त्या चौकोनाला विसरू नये म्हणून लाल पेनाने गोल केला, मग घाबरून अख्ख्या दिनदर्शिकेवर माझा रेनकोट अडकवून ठेवला.

नांग्या शोधायला मी आठ दिवस आधी निघालो. दोन सुपरमार्केटांत ‘क्रॅब’ म्हणून गुलाबी रंगाची कांडी मिळाली, ज्यात खेकडा सोडून सगळं होतं (मी पाठीमागचं लेबल पूर्ण वाचलं). तिसऱ्या दुकानात फक्त कालवं. शेवटी बसने गेलो तिथे एक म्हातारा मासेवाला सापडला. त्याच्यापुढे मी स्टोन क्रॅबचं नाव काढलं तेव्हा तो मला म्हणाला, ‘‘ते अमेरिकेत, बाळा. आणि तिथेही आता पकडायला बंदी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलास तर विमानाने जा.’’ मामा, मी त्याच्या बर्फाच्या टेबलाला धरून उभा राहिलो. त्याला वाटलं मला खेकड्याचं फार वेड आहे. त्याने आत जाऊन एक ट्रे आणला. इकडच्याच समुद्रातल्या तपकिरी खेकड्याच्या नांग्या, उकडलेल्या, प्रत्येक नांगी माझ्या मुठीएवढी आणि टोकं काळीभोर, जशी काही शाईत बुडवली आहेत. ऋजुताने इंटरनेटवर दाखवलेल्या स्टोन क्रॅबची टोकंही काळीच होती.

तेव्हा माझ्या मनात पाप आलं हे मी लपवत नाही.

मी त्याला म्हणालो की मला अमावास्येच्या हव्या आहेत, शनिवारी उकडलेल्या चालतील. मग त्याने एक नांगी माझ्या एका तळहातावर ठेवली, दुसरी दुसऱ्यावर, आणि विचारलं, जड कुठली? डावी जड होती. म्हणाला, जड ती भरलेली, कानाशी हलवून आत पाणी वाजलं तर ठेवून दे, चंद्राचं काय ते चंद्र बघेल. पण नांग्या शनिवारी दुपारीच बाजूला ठेवीन असं कबूल केलं. शनिवारी मी त्याच्या दुकानात पस्तीस नांग्या कानाशी लावून हलवल्या आणि बारा घेतल्या. माझ्यामागे रांग लागली होती, रांगेतले लोक नुसते खोकले.

बारातल्या सहा तुमच्या पद्धतीने तिखल्याच्या दाट रश्श्यात टाकल्या आणि सहा थंडच ठेवल्या, मोहरीचा सॉस करून, कारण फ्लोरिडात तशा खातात म्हणे. फोडायला नवीन हातोडी आणली, तिचं लेबल काढलं, ती उकळत्या पाण्यातून काढली. रविवारी बरोबर एक वाजता तिघं आली. पद्माकरराव निळ्या ब्लेझरमध्ये, त्यांच्या पत्नी सुचेताकाकू हातात मिठाईचा डबा घेऊन, आणि ऋजुता, जिने दारातच मला हळूच म्हटलं, ‘‘विनय, ब्रीद.’’ (म्हणजे श्वास घे.) काकूंनी बसता बसता सांगून टाकलं की आमच्या घरात दिवस बघितल्याशिवाय पडदेसुद्धा बदलत नाहीत. मी रेनकोटाकडे बघितलं नाही. रेनकोटाकडे न बघणं हे दिवसभरातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आणि मग पहिली नांगी मी फोडली. हातोडी जरा जोरात बसली. एक तुकडा सॉसच्या वाटीत, वाटीतला सॉस छतावर, आणि छतावरून जेवढा खाली आला तेवढा पद्माकररावांच्या ब्लेझरवर. त्यांनी ब्लेझर काढून खुर्चीला लावला, माझ्या हातातून हातोडी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि बाह्या दुमडल्या. मामा, काय हात होता! आधी सांधे मोडून नांगीचे तीन भाग, मग फुगीर बाजूवर चमच्याच्या पाठीने नुसते तीन ठोके, कवच फुटलं पण मांस दबलं नाही, मग हलणारं बोट धरून अलगद ओढलं आणि अख्खा गर बाहेर, आतल्या पातळ पापुद्र्यासकट. त्यांनी तो सॉसला न लावता तोंडात टाकला. डोळे मिटले. मी मनात म्हणत होतो, देवा, एवढं एक जेवण होऊ दे.

डोळे उघडून म्हणाले, ‘‘भरलेली आसा रे!’’ आणि मग, फार हळू, ‘‘आज अवस काय?’’

मी म्हणालो, मला कल्पना नाही. ऋजुताला मदत करायची हौस. ती म्हणाली, ‘‘बाबा, इकडे कॅलेंडर आहे,’’ आणि रेनकोट उचलला. मराठी तिला वाचता येत नाही. ‘‘इथे मोठा ब्लॅक डॉट आहे. आणि विनयनी रेड पेननी राउंड केलाय.’’

त्यानंतर मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. सगळंच बोललो. अमावास्या मला माहीत होती, पौर्णिमेच्या खेकड्यात पाणी असतं, या नांग्या स्टोन क्रॅबच्या नाहीत, मासेवाल्याने तसं सांगितलं होतं, काळी टोकं बघून माझ्या मनात आलं होतं की गप्प बसावं, मी बारावी आहे, आणि हातोडीचा पहिलाच अनुभव होता. काकूंनी मिठाईचा डबा पुन्हा स्वतःच्या मांडीवर घेतला. ‘‘मुलीची बोलणी करायला गटारीला बोलावलंस? अरे, वेडा आहेस का तू?’’

पद्माकरराव हसायला लागले. मला वाटलं ठसका लागला. म्हणाले, ‘‘सुचे, अठ्ठावीस वर्षं तू दिवस बघून पाहुणे बोलावतेस आणि अठ्ठावीस वर्षं मी पोकळ कुर्ल्या खातो. या मुलाने कुर्ली बघून दिवस ठरवला!’’

‘‘अमावास्येला होकार द्यायचा नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘सांगून ठेवते.’’

‘‘होकार नको. दुसरी नांगी मागता येते ना अमावास्येला?’’

ती मागता येते असं ठरलं. मग तिसरीही मागता आली. काकूंनी दिनदर्शिका खाली उतरवून माझ्याच पेन्सिलीने हिशोब केला, भारतात पहाटे चार तेहतीसला अमावास्या संपते, त्यातून साडेचार तास वजा, म्हणजे इथे रात्री बारा वाजून तीन मिनिटं, आणि तोपर्यंत या विषयावर कोणी अवाक्षर काढायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. नकारसुद्धा नाही. हिशोब करता करता त्यांनी तिखल्यातल्या दोन नांग्या संपवल्या. (दिवस बघितला नाही.) पाच वाजता तिघं गाडीत बसली, ऋजुता आठवडाभर सुट्टी म्हणून त्यांच्याबरोबरच गेली, आणि मी, होकार नाही आणि नकारही नाही अशा अवस्थेत, भांडी घासून झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो.

आज सकाळी पावणेसहाला फोन वाजला. काकू होत्या. म्हणाल्या, ‘‘प्रतिपदा लागून पावणेसहा तास झाले. आमचं हो आहे. हे अजून झोपलेत, पण झोपायच्या आधी म्हणाले होते.’’ मागून ऋजुताचा आवाज आला, ‘‘विनय, ब्रीद!’’ आणि मामा, मी खरंच कालपासून पहिल्यांदा श्वास घेतला.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा,
विनय

ता. क. आईला आज संध्याकाळी फोन करणार आहे. होकार श्रावणी सोमवारी आला असं सांगेन, ते अक्षरशः खरं आहे. भेट कधी झाली हे तिने तुम्हाला विचारलं तर तीही सोमवारीच झाली म्हणावं. जेवायला काय होतं विचारलं तर साबुदाण्याची खिचडी. खेकड्याचा उल्लेख करू नये.

ता. क. २. मूळ काम राहिलंच. पद्माकरराव म्हणतात लग्न वेंगुर्ल्याला करू, आणि व्याह्यांच्या पंगतीत कुर्ल्या हव्यात, भरलेल्या. अमावास्येला मुहूर्त नसतो हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग चिकटून बघा. तर कार्तिकातली अमावास्या रविवारी, ९ डिसेंबरला येते. तिच्या मागेपुढे दोन दिवसांत एखादा मुहूर्त बसतो का, तुमच्या ओळखीच्या भटजींना विचारावं (कारण सांगू नये), आणि कुर्ल्या अवसेच्या रात्री पकडून, नांग्या बांधून, दोन दिवस जिवंत ठेवता येतील का तेही बंदरावर विचारावं (हे कारण सांगितलं तरी चालेल). आईला वाटलं पाहिजे की तारीख भटजींनी काढली.

ता. क. ३. तुम्ही प्रत्येक पत्रात मागता तो जमाखर्च. नांग्या बारा, २७ पौंड. हातोडी ३ पौंड ९९, वापर एकदा. मोहरी, नारळ वगैरे ४ पौंड १५. बस ३ पौंड. एकूण ३८ पौंड १४ पेन्स. देणं: पद्माकररावांच्या ब्लेझरची धुलाई, साडेसात पौंड, त्यांनी नको म्हटलं आहे, मी देणार आहे. शिल्लक: फ्रीजरमध्ये नांगी एक, लेबल लावून, ‘११ सप्टेंबरपूर्वी उघडू नये’. त्या दिवशी श्रावण संपतो. अवसच आहे.