भिंतीपलीकडचं घराणं

२८ फेब्रुवारी, मंगळवार
बोटीने बेटावर उतरवलं आणि लगेच तोंड फिरवलं. समुद्र खवळलेला. इथल्या कामाचं माझं एकोणिसावं वर्ष. धक्क्यापासून खोलीपर्यंत चढतानाच सात मेलेल्या मेंढ्या. माझा जुना मदतनीस टॉर्किल म्हणाला, "लक्षण बरं नाही, पोरी." मी चोपन्न वर्षांची आहे, तरी त्याच्यासाठी पोरच. त्याचे गुडघे गेलेत. यंदाचा शेवटचा हिवाळा म्हणतो.

१ मार्च
वारा. अकरा मेल्या.

३ मार्च, शुक्रवार
आज सोळा.

ऑगस्टात या दरीत सहाशे बारा मोजल्या होत्या. एवढ्या तोंडांना पुरेल इतकं गवत इथे कधीच नव्हतं. माणसं बेट सोडून गेली, मेंढ्या राहिल्या. त्यांना कुणी पाळत नाही, कापत नाही, चारा घालत नाही. तीन-चार वर्षं वाढतात, मग एखाद्या हिवाळ्यात निम्म्या मरतात. उरतात त्यांना पुढच्या उन्हाळ्यात पोटभर मिळतं, की पुन्हा वाढ. आम्ही मोजायचं. मेलेलीच्या कानातला बिल्ला वाचायचा, मागच्या पायाचं हाड मापायचं, पोटात काय आहे ते बघायचं, लिहायचं. जिवंत मेंढीला काही द्यायचं नाही — पहिला आणि शेवटचा नियम.

हाडं दरवर्षी किंचित आखूड भरतात. पूर्वीच्या कडक हिवाळ्यांत लहान चणीची कोकरं आधी मरायची. आता हिवाळे मवाळ झाले; तीही तगतात, त्यांनाही पिल्लं होतात, पिल्लंही लहान चणीचीच. कुणी काही ठरवलेलं नाही. नुसतं कोण गेलं आणि कोण राहिलं. एवढी एक गोष्ट नीट सिद्ध करायला माझी एकोणीस वर्षं गेली. यंदाची मापं मिळाली की छापायचं.

आज कंटाळा आलाय.

७ मार्च, मंगळवार
विहिरीजवळ एक गाभण मेंढी बसली होती, उठता येत नव्हतं. टॉर्किल तिच्यापाशी थांबला. म्हणाला, "माझ्या बापाने मला फोडून काढलं असतं. डोळ्यांदेखत जनावर उपाशी, आणि आपण वही धरून उभे." त्याचा बाप बर्फ उकरून मेंढ्या बाहेर काढायचा, हे मी शंभरदा ऐकलंय.

मी म्हटलं, "हिला जगवलीस तर ही दुसरीच्या वाटचं गवत खाईल."

"मग ते तूच सांग हिला."

दुपारी ती गेली. बिल्ला वाचला, हाड मापलं.

१२ मार्च, रविवार
३८८ नंबरच्या बिल्ल्याची मेंढी गेली.

चौदा वर्षांची. तिच्या जन्माच्या दिवशी मीच बिल्ला लावला होता. लहानखुरी, चिवट. तिच्या लेकी, नाती, पणत्या मिळून एकतीस जणी नोंदीत आहेत, साऱ्या लहान चणीच्या, सगळ्या दरीतल्या जुन्या दगडी भिंतीपलीकडे चरणाऱ्या. लहान चण तगते हे दाखवायला माझ्याकडे याहून ठळक घराणं नाही.

पोट उघडलं. शेवाळ, माती, स्वतःचीच लोकर — उपाशी मेंढीच्या पोटात असतं ते सगळं. आणि त्यात मूठभर ओट.

या बेटावर ओट उगवत नाहीत. आमच्या लापशीच्या पोत्यात असतात.

टॉर्किल चाकू पुसत होता. माझ्या हातात काय आहे ते त्याने पाहिलं आणि पुसतच राहिला.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"नऊ."

"सगळ्यांना?"

"हिच्या घरातल्यांना. पाणी आणायला भिंतीपलीकडे वर जातो ना सकाळी, तेव्हा खिशातून घेऊन. मूठ-मूठ."

"मला सांगायचं होतंस."

"तू नको म्हणाली असतीस."

म्हणाले असतेच.

१३ मार्च
एकोणतीस. बोलणं नाही.

१४ मार्च
तेवीस. बोलणं नाही. त्याने लापशी केली, माझी वाटी भरून ठेवली. खाल्ली.

१५ मार्च, बुधवार
शेवटी त्यानेच तोंड उघडलं. "तुझ्या कामात माती कालवली मी. कळतंय मला." मी म्हटलं, "कळत होतं तर केलंस कशाला?" म्हणाला, "वर्षातले अकरा महिने कळायचं गं. इथे आलो की कळेनासं व्हायचं."

रागवायचं होतं. ताकदच नव्हती.

१९ मार्च, रविवार
दोन दिवस पावसाने कोंडून ठेवलंय. तो झोपून होता, मी सगळा हिशेब नव्याने मांडला. आधी एकतीस जणी काढून टाकल्या. आलेखाची रेघ हलली नाही. हाड आखूड होतच गेलंय, तितकंच.

मग भिंतीअलीकडची घराणी घेतली — त्याच चणीची, ज्यांना एक दाणा मिळाला नाही. वाईट हिवाळ्यात त्यांतल्या दहांपैकी चार वाचतात. त्याच्या घराण्यातल्या? दहांपैकी चार. तीनदा तपासलं.

एक मूठ ओटांनी काय होणार. नऊ हिवाळे, रोज, त्या गुडघ्यांनी तो चढ चढला. एकही मेंढी जास्त जगली नाही.

माझं काम शाबूत आहे. बरं वाटायला हवं होतं. अहवालात ओटांसकट सगळं लिहिलं. तो अहवाल कधी वाचत नाही.

२३ मार्च, गुरुवार
सहाशे बारांपैकी तीनशे चाळीस गेल्या. सामान बांधलं. ओढ्याकाठी गवताची कोवळी टोकं दिसताहेत. उरलेल्या तिथे माना खाली घालून. टॉर्किल बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता.

२४ मार्च, शुक्रवार
धक्क्यावर बोटीची वाट बघताना विचारलंन, "माझ्यामुळे किती बिघडलं? खरं सांग."

म्हटलं, "ते घराणंच खोडावं लागलं. तुझ्या ओटांवर जगल्या त्या."

"जगल्या? किती?"

"अकरा."

त्याने टोपी काढली, डोळे पुसले, परत घातली. एकोणीस वर्षांत मी दिलेला हा पहिला खोटा आकडा.