चार नको, पाच कर

३ फेब्रुवारी १९८६
आईला अर्धांग झाल्यापासून ती घाटकोपरला, दादाकडे अंथरुणावर. लतावहिनी एकटी किती करणार? म्हणून दादाने आज आम्हा दोघी बहिणींना बोलावून पाळ्या लावल्या. आजपासून मी मुलुंडहून दर चौथ्या दिवशी, वनूताई पार्ल्याहून दर सहाव्या. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांच्या तेराव्याला भांडलो तेव्हापासून बोलणं बंद!

१५ फेब्रुवारी
वाट लागली! आज दोघींचीही पाळी. चार आणि सहाचा लसावि बारा — आईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि तिच्या लेकीला हे सुचू नये?
ताई दारातूनच म्हणाली, "ही आहे ना, मग मी जाते." "तू कशाला? मीच जाते!" — आणि निघालेच. आई रडत होती.

१६ फेब्रुवारी
परत गेले. वहिनीला सांगून टाकलं, माझी पाळी आजपासून धर. चार-सहाचा मसावि दोन. एक दिवस सरकवला की अंतर कायम विषम, ताईची नि माझी जन्मात गाठ नाही. झकास! आई ऐकत होती.

२० फेब्रुवारी
आईने पेज तोंडातच धरून ठेवली. गिळेना.

२४ फेब्रुवारी
आज आई अडखळत म्हणाली, "चार नको गं. पाच कर. दमतेस." एवढ्या दुखण्यातही माझी काळजी! खरं सांगायचं तर बरंच वाटलं. माझीही कंबर धरली आहे. वहिनीला सांगितलं, आता दर पाचव्या दिवशी येईन.

२ मार्च
माझ्या नीलाची परीक्षा आली. मसावि घोकून घेत होते. "आई, पाच आणि सहाचा?" "एक," म्हटलं आणि उठून कॅलेंडर काढलं. मसावि एक असला की पाळी कितीही सरकवा, कधी ना कधी गाठ पडणारच! कसलं दमणं नि कसलं काय. धड बोलता येत नाही, तरी पडल्या पडल्या आम्हाला एकत्र आणायचा हिशेब करत होती. मोजून पाहिलं — अकरा तारीख.
खूप रडले. नीला बिचारी घाबरली.

६ मार्च
आईला सांगितलं, "अकराला येते. ताई आली तरी उठून जाणार नाही." चालत्या हाताने माझं मनगट धरलं, सोडेचना. ताईशी आधी मीच बोलेन. तिने तोंड फिरवलं तर? फिरवू दे.

९ मार्च
पहाटे आई गेली. आज पाळी ना माझी, ना ताईची. दादाच्या जिन्यात दोघींची गाठ पडली.