खालची कवळी

१३ जानेवारी १९६२, अकोट

आत्ताच अकोल्याहून एसटीनं परत आलो. दातांच्या डॉक्टरानं मापासाठी तोंडात प्लास्टर भरून बसवलं — ना बोलता येतं, ना थुंकता! तेवढ्यात तो इंदूला घेऊन व्हरांड्यात गेला. मी आपला भिंतीकडे पाहत, लाळ गाळत. बसमध्ये बायकोला विचारलं, काय म्हणत होता? "काई नाई. कवळी कशी धुवाची ते सांगून राह्यला होता." असो. धुण्यात आमची बाई हुशार. बारा वर्षं सरकारी दवाखान्यात आया आहे.

वरचे दात दिवाळीनंतर काढले. पायरिया. खालचे तर पाच वर्षांपूर्वीच गेले. छप्पनच्या दीक्षेपासून या भागातल्या प्रत्येक लग्नात त्रिशरण-पंचशील मी म्हणायचं आणि सगळ्या मांडवानं माझ्यामागून म्हणायचं, हे ठरलेलं. लोक पत्रिका छापण्याआधी मला तारीख विचारतात. आता तोंडातून नुसती हवा निघते. वर्गातली पोरं पाटीआड हसतात.

१३ मेला आमच्या सत्यवतीचं लग्न. एकुलती लेक. तिच्या लग्नात बापानं गप्प बसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं!

३ मार्च

कवळ्या आल्या. वरची बसली. खालची — शब्द आला की उठते. डॉक्टर म्हणाला, "सवय करा, बघू." असं म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता.

त्याच्याकडे अमेरिकेचं एक मासिक आहे. त्यात चित्र पाहिलं. हिरडी उघडून जबड्याच्या हाडावर धातूची जाळी बसवतात, तिचे खुंट वर येतात, त्यांच्यावर कवळी घट्ट! माणूस म्हणे कणीस खातो. मी विचारलं, आपल्याकडे? तो हसला. मी चित्र कागदावर उतरवून आणलं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याला पत्र टाकतो. विचारायला काय जातं?

१२ मार्च

चौथीच्या वर्गात पाढे सांगताना खालची उडून टेबलावर पडली. एकही पोर हसलं नाही. ते जास्त लागलं.

२९ मार्च

रोज शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात पंचशील म्हणतो. जिभेनं कवळी दाबली तर शब्द अडतो, शब्द सोडला तर कवळी सुटते. धरलं तर चावते, सोडलं तर पळते! आज मागं वळून पाहिलं तर दारात इंदू. डबा द्यायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "बरं होऊन राह्यलं," म्हणाली, आणि डबा ठेवून लगेच गेली.

१९ एप्रिल

मुंबईचं उत्तर आलं. चार ओळी. अशी शस्त्रक्रिया येथे होत नाही, परदेशातही अजून खात्रीची नाही. कळावे.

कळलं!

इंदूला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. संध्याकाळी खुशालराव आला. लग्नाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे आहे. "मास्तर, अकोल्याहून कोणाले बोलावून ठेवू का? म्हंजे, लागलं तर..." मी म्हणालो, मी मेलो तर बोलाव! बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

५ मे

इंदूनं कवळ्या उकळल्या!

मी अंघोळीला गेलो तेवढ्यात. चुलीवर पातेलं, पातेल्यात माझे दात. "दवाखान्यात सुई उकळतो, कैची उकळतो. मंग तोंडात जाची वस्तू काहून नाई उकळाची?" दोन्ही बाहेर काढल्या तर तळलेल्या पापडासारख्या वाकड्या. आता वरचीही बसत नाही. लग्न आठ दिवसांवर, आणि नव्या करायच्या म्हणजे अकोल्याच्या पाच खेपा.

नाही नाही ते बोललो. अडाणी म्हणालो. दवाखान्यात बारा वर्षं काढून गाढवच राहिलीस म्हणालो. ती पदराला हात पुसत उभी. एवढा घात केला, आणि डोळ्यांत टिपूस नाही! आजपासून हिच्याशी बोलणं बंद.

१३ मे

लग्न झालं. पुंजाराम नावाच्या अकोल्याच्या तरुण शिक्षकानं पंचशील सांगितलं. खणखणीत आवाज. सगळा मांडव त्याच्यामागून म्हणाला. मीही म्हणालो, रुमालाआड.

जो तो विचारी, "मास्तर काहून नाई?" इंदू प्रत्येकाला सांगत सुटली होती, "माह्यी अक्कल गेली न् बापा, म्या त्याइचे दात उकळून टाकले!" लोक तिला हसत होते. मला मात्र कोणी काही बोललं नाही, उलट कीव केली.

निघताना सत्यवती गळ्यात पडली. "बाबा, काईतरी बोला नं." डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

१९ मे

अकोला. वाकड्या कवळ्या डॉक्टरापुढे ठेवल्या. म्हणालो, आमच्या बाईंचा पराक्रम! नव्या करा.

त्यानं खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं. "वरची करतो. खालची कुणीही केली तरी टिकणार नाही, मास्तर. हाडच झिजून गेलंय. बोलायला लागलात की चार लोकांत बाहेर पडेल. मापाच्या दिवशीच मी तुमच्या बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी सांगतो त्याइले, तुमी नोका सांगू. सांगितलं नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एप्रिलच्या शेवटी एकट्या आल्या होत्या. आता काहीच उपाय नाही का म्हणाल्या. नाही म्हटलं. मग एवढंच विचारलं — उकळल्या तर काय होते? आणि गेल्या."

२० मे

इंदू रोज माझी भाकरी दुधात कुस्करून ताट पुढं सरकवते. पंधरा दिवस मी न बोलता खातो आहे. आजही तसाच खाऊन उठलो. आता बोलायचं तरी कुठल्या तोंडानं?