विल्फचा दुसरा जोडीदार

प्रिय लायनेल,

तुम्ही पाठवलेला संत्र्याचा मुरंबा मिळाला. विल्फला आता पाव गिळवत नाही, पण मुरंबा चमच्यानं चाटतो आणि वर म्हणतो, हुजूर पक्षाचा असला तरी गोड आहे. खोड जायची नाही त्याची. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा मी घाईघाईनं पुढचे पडदे ओढून घेतले होते, आठवतं? खाणकामगारांची गल्ली, मजूर पक्षाच्या खासदाराचं घर आणि दारात तुमची ती लांबलचक गाडी! विल्फ म्हणाला, हा सभागृहातला माझा जोडीदार. मी मतदानाला नसलो की हाही नसतो, दोन्हीकडचं एकेक मत वजा, म्हणजे फिटंफाट. आमच्या बार्बराच्या लग्नाला, तुमच्या मेरियनच्या दफनाला तुम्ही दोघं असेच एकमेकांच्या भरवशावर सभागृह सोडून आलात. तुम्ही दारातून 'कॉम्रेड' म्हणून हाक मारायची आणि त्यानं आतून 'या हुजूर' म्हणायचं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की चहाचं पाणी त्या हाकेवरच ठेवायची.

शनिवारी आमच्या पक्षाचे प्रतोद येऊन गेले. आमचं सरकार एका मतावर तरलंय, म्हणून बुधवारच्या अविश्वास ठरावाला जोड्या बंद, दोन्ही पक्षांच्या. तुम्हाला हे ठाऊकच असणार. ते फार सभ्यपणे बोलले. विल्फला आत जायचीही गरज नाही म्हणे. रुग्णवाहिका संसदेच्या आवारात उभी राहील, दोन्ही बाजूंचा एकेक माणूस पडदा सारून तो जिवंत आहे एवढं बघेल आणि मत धरलं जाईल. डॉक्टर म्हणतात, खाणीच्या धुळीनं भरलेल्या त्या छातीला लंडनपर्यंतचा रस्ता झेपणार नाही. मी प्रतोदांना हे सांगितलं. त्यांनी बशीतला केक अर्धाच ठेवला आणि विल्फकडे पाहिलं. आणि विल्फ 'येतो' म्हणाला.

मी रात्रभर भांडले. त्याचं एकच म्हणणं. पंचेचाळीस साली निवडून आलो तेव्हा वाटलं होतं, आता हुजूर कायमचे घरी बसले. सहा वर्षांत परत आले आणि तेरा वर्षं हलले नाहीत. या वेळी आपण पडलो तर माझ्या हयातीत पुन्हा उभे राहत नाही. हयात किती उरली आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तुम्ही घरी बसा असं सांगायला हे पत्र नाही. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या लोकांनी तुम्हाला कच्चं खाल्लं असतं, आणि विल्फनं मला जन्मभर माफ केलं नसतं.

मला भीती वाटते ती वेगळीच. काल मी उशी सारखी करत होते तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, "वाटेत काही झालं तर हात सोडू नकोस. कुणी विचारलं तर सांग, झोपलाय." मी हो म्हटलं, लायनेल. आणि मी ते करीन, याचीच मला धडकी भरली आहे. तो गार पडत असताना हात धरून बसायचं आणि परक्या माणसाला हसून सांगायचं.

म्हणून एवढंच मागते. बुधवारी तुमच्या बाजूनं पडदा सारायला तुम्हीच या. मी 'झोपलाय' म्हटलं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. नेहमीसारखी हाक मारा त्याला. 'या हुजूर' ऐकू आलं नाही, तर गाडीत चढून माझ्याशेजारी बसा. मताचं काय ते बाहेरचे बघतील.

तुमच्या जोडीदाराची जोडीदार,
एडना