तुळई आणि कोरम

३ जून
शहर जतन निधी समितीचा अध्यक्ष झालो. एकमताने. नाव सुचवल्यावर बाकीच्या आठ जणांनी माना खाली घातल्या. याला मी आदर म्हणतो.
काम सोपं आहे. शहरातल्या जुन्या, लोकांच्या उपयोगाच्या इमारती या निधीतून दुरुस्त करायच्या. ३० जूनपर्यंत मंजुरी दिली नाही तर सगळा निधी फुटपाथ खात्यात जातो. सत्तावीस दिवस. चिक्कार!
संकल्प : जे होईल ते नियमाने, अपवाद नको. क्लार्ककडून तसं समितीच्या वहीत लिहूनही घेतलं. माझ्या काळात कोणी बोट दाखवता कामा नये.

५ जून
पहिला अर्ज आला. एकच आला. जुन्या सूतिकागृहासाठी, तिथे एकेचाळीस वर्षं काढलेल्या नर्सबाईंचा. दवाखाना कधीच बंद झाला, पण दर गुरुवारी पुढच्या खोलीत त्या गरोदर बायकांना फुकट तपासतात. छपराच्या मुख्य तुळईला वाळवी लागली आहे.
अर्ज निळ्या शाईत होता. नियमात काळी. परत केला. बाई म्हणाल्या, "बरं, उद्या आणते." शिस्त आवडलेली दिसली.

७ जून, सकाळी १०
स्थळपाहणी. नऊपैकी मी एकटाच हजर. तुळई कितपत पोखरली आहे हे बघायला छत्रीच्या टोकाने जरा दाबली. ढलपी निघून चष्म्यावर आली. बाईंनी आधी माझा डोळा तपासला, मग म्हणाल्या, "साहेब, ही महिना काढेल असं वाटत नाही."
वहीत नोंद : 'दुरुस्तीची निकड अध्यक्षांनी स्वतः सिद्ध केली.'

१२ जून
बैठक. चार हजर. कोरम पाचचा. आर्किटेक्ट सभासद म्हणाला, पाचव्याला फोन लावू, तो फोनवरून हो म्हणेल. नियमात 'उपस्थित' असा शब्द आहे. फोन काय खुर्चीवर बसतो? बैठक तहकूब केली. नर्सबाई बाहेर बाकावर दोन तास बसून होत्या.
बायको म्हणाली, "अहो, लावायचा होता की फोन." तिला प्रशासन समजत नाही.

१४ जून
गैरहजर सभासदांना कडक पत्रं पाठवली. 'बेजबाबदार' या शब्दाखाली रेघ मारली. आता धावत येतील.

१७ जून
दोन राजीनामे आले. एका अर्थी बरंच झालं, समिती सुटसुटीत झाली. सातांत चारांचा कोरम धरायला हरकत नाही.

१७ जून, दुपारी
क्लार्क म्हणतो, कोरम मंजूर जागांवर धरतात. जागा नऊ त्या नऊच. पाच लागणारच. हा नियम कोणत्या गाढवाने केला?

१९ जून
डेंटिस्ट सभासद फोन उचलेना म्हणून त्याच्या दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, डॉक्टर फक्त पेशंटना भेटतात. पेशंट झालो. तोंडात आरसा असताना विषय मांडला. त्याला 'दाढ दुखते' एवढंच कळलं. दाढ काढली. चांगली होती बहुतेक. पण २५ तारखेला येतो म्हणाला. एका दाढेत एक मत. वाईट नाही.

२२ जून
नर्सबाई घरी आल्या. तुळईला चीर गेली आहे, खाली लाकडी टेकू लावलाय. गुरुवार बंद का करत नाही, असं मी विचारलं. "या बायका कुठे जातील? पुढचा दवाखाना दोन बस बदलून आहे." मग हळूच म्हणाल्या, "साहेब, एवढं एकदा करा हो."
मी म्हणालो, पंचवीसला झालंच समजा. त्या गेल्यावर बायको माझ्याकडे बघत राहिली. चहा मीच केला.

२५ जून
पाच आले! मी, आर्किटेक्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, हार्डवेअरवाला आणि डेंटिस्ट. अंगावर काटा आला.
मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झाल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नाही. इतिवृत्त मीच लिहिलं होतं. चौदा पानं. वाचायला घेतलं. मुख्याध्यापिका दोनदा म्हणाल्या, "अहो, आधी मत घ्या ना!" मी म्हटलं, क्रम म्हणजे क्रम. अकराव्या पानावर डेंटिस्टचा फोन वाजला. कुणाचा तरी जबडा सुजला होता. तो उठला. मी त्याचा कोट धरला. कोट माझ्या हातात राहिला, तो गेला.
चार.
उरलेली तीन पानं वाचून पूर्ण केली. का, ते माहीत नाही.

२७ जून, गुरुवार
तुळई पडली. सगळं छप्पर आणि भिंतीही घेऊन. नर्सबाई शेवटच्या बाईला सोडायला फाटकापर्यंत आल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या बाईला सातवा महिना आहे.
जेवलो नाही. दाढेच्या जागी ठणकतंय.

२८ जून
तातडीची बैठक. सातही हजर! इतिवृत्त वाचलं नाही. दोन मिनिटांत ठराव, सात हात वर. मी दोन्ही हात वर केले, क्लार्कने एक मोजला.
मग त्याने इंजिनिअरचा दाखला पुढे ठेवला : 'इमारत अस्तित्वात नाही.' आपला निधी जतनाचा, नव्या बांधकामाला चालत नाही. मी अपवाद मागितला. हात जोडले. क्लार्क म्हणाला, "साहेब, अपवाद नको असं तुम्हीच पहिल्या दिवशी लिहून घेतलंय."

३० जून
निधी फुटपाथकडे गेला. आयुक्तांचं पत्र आलं : महिनाभरात एकही तक्रार नाही, अभिनंदन, अध्यक्षपद आणखी तीन वर्षं.
मी खेदाचा ठराव लिहिला. दोन पानं, माझ्या मते उत्तम. तो घेऊन सूतिकागृहापाशी गेलो. नर्सबाई ढिगाऱ्यातून लोखंडी खाटा बाहेर काढत होत्या. शेजारच्या लाँड्रीवाल्याने गुरुवारपुरती त्याची मागची खोली देऊ केली आहे. कोणताही अर्ज न घेता.
मी समोर उभा राहून पहिला परिच्छेद वाचला. त्यांनी पदराने कपाळ पुसत ऐकला.
"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता ते कागद ठेवा आणि खाटेचं दुसरं टोक धरा."
धरलं. भयंकर जड होती.