आरुआयशेजारची जागा

मी, लावाकाव, तारुपलान घराचा थोरला, वय वर्षे शहाऐंशी, शिक्षण चौथी (जपान्यांच्या शाळेत आमच्या मुलांसाठी पाचवी नव्हतीच), राहणार काचिलाय, पिंगतुंग जिल्हा, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वहस्ते लिहून ठेवतो की:

एक. डोंगरावरचे आमचे जुने दगडी घर नात मुआकाय हिला मिळावे. आमच्या डोंगरी जमातीत थोरले मूल, मुलगा असो वा मुलगी, घर राखते. धाकट्यांनी बाहेर पडून आपले घर उभारायचे असते. माझी थोरली आरुआय आणि तिची थोरली मुआकाय. चिरंजीव कुलेले म्हणतो, "बाबा, ताई गेली, आता मीच की थोरला!" त्यास कळवतो की थोरलेपण ही रिकामी झालेली खुर्ची नव्हे. त्यास खालच्या वस्तीतले घर व माझी दगड तासण्याची छिन्नी-हातोडी मिळावी. हत्यारे उन्हात टाकू नयेत.

दोन. दोन तोंडांचा लाकडी पेला मामा-भाचीत सामाईक राहावा. तो एकट्याला पिता येत नाही. राळ्याच्या सुगीला दोघांनी गालाला गाल लावून प्यावे, मग हवे तर भांडावे.

तीन. जुने घर आज आमचे आहे ते आरुआयमुळे. सरकारने गाव खाली उतरवले तेव्हा ती माझ्या पाठीवर होती. पुढे आमच्या लोकांतली वकिलीचा काळा झगा घालणारी ती पहिली बाई झाली. शेजारी चामाक भर बाजारात म्हणाला होता, "पोरीनं झगा घातला म्हणून डोंगर परत मिळतोय होय?" हे मी विसरलेलो नाही. कोर्टात पुरावा मागितला तेव्हा आरुआय म्हणाली, "आमचे थोरले आमच्याच फरशीखाली पुरलेले आहेत. शंका असेल त्यांनी कुदळ आणावी. पण आधी चुलीजवळच्या पणजीला विचारावं, ती तापट आहे." न्यायाधीशही हसले. घर मिळाले. त्यानंतर साऱ्या खोऱ्याने तिला आपल्या सभेची प्रमुख केले.

चार. मृतांची राख पुन्हा आपापल्या फरशीखाली ठेवता यावी, हा तिचा शेवटचा खटला. तोही ती जिंकली. निकाल घेऊन घरी येताना घाटात दरड कोसळली. अपघाताने, घराबाहेर आलेले मरण आमच्यात वाईट मरण होय; त्या माणसाला फरशीखाली जागा नसते. ज्या चामाकशी मी बोलत नव्हतो, त्याने तिच्या पेटीला पुढून खांदा दिला. जुन्या घराच्या उंबऱ्याशी थांबून तो म्हणाला, "लावाकाव, ने तिला आत. कोण विचारणार आहे?"

मी म्हणालो, "ती विचारील."

जो रिवाज तिने वाईट मरणाच्या नियमासकट कोर्टात शपथेवर सांगितला, तो तिच्याच बापाने मोडला, तर तिला खोटे कोणी पाडले? म्हणून दहनानंतर तिची राख अंगणाच्या भिंतीपलीकडे ठेवली आहे. मी रोज तिथे झाडतो.

पाच. मुख्य खांबाजवळ, फरशीखाली, घराचा थोरला म्हणून माझी जागा आहे. तिच्यावरचा हक्क मी सोडतो. ती मुआकायसाठी राखून ठेवावी. तिने घाई करू नये. माझी राख आरुआयशेजारी, बाहेर ठेवावी. आपल्या इच्छेने बाहेर निजू नये असा रिवाज मला कोणी शिकवलेला नाही.

हे वाचून दाखवल्यावर मुआकाय रडली. आम्ही आजा-नात एकमेकांना वुवुच म्हणतो. ती म्हणाली, "वुवु, तिथं ऊन-पाऊस लागेल तुम्हाला."

मी सांगितले, "वुवु, तुझी आई लहानपणी कधी एकटी झोपायची नाही."

वरील मजकुरात खाडाखोड नाही.

लावाकाव तारुपलान (सही)
काचिलाय, १७ नोव्हेंबर २०१३

समक्ष हजर साक्षीदार:
उलियु, आमच्या चर्चचे पाद्री (सही)
चामाक, शेजारी. बाजारातल्या बोलण्याचा राग कायम आहे. माझ्या पेटीलाही पुढून खांदा त्यानेच द्यावा. (अंगठा)